पावसाळ्यातली ठासणीची बंदूक : खानापूर तालुक्यातून नळीच्या साफसफाईच्या नोंदी

१४ जून २०२४

लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि दर निवडणुकीप्रमाणे परवान्यावरच्या बंदुका जमा करण्याचा आदेश आला. बेळगाव जिल्ह्यातला आमचा खानापूर तालुका लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतो. आमच्याकडचे मतदान ७ मे रोजी आणि मतमोजणी ४ जूनला झाली. त्यानंतर कागदपत्रांचे सोपस्कार होऊन काकांची ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रा गजाने ठासून भरायची बंदूक, काल घरी आली. तोवर जांबोटीच्या वरच्या अंगाला पावसाने चांगलाच जोर धरला होता.

काकांचा परवाना पीकसंरक्षणाचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि आमच्या भागातले बरेचसे जुने परवाने त्याच आधारावर दिलेले आहेत. परवाना माझ्या नावावर नसल्यामुळे या नोंदींतले प्रत्येक काम काकांच्या घरी, ते समोर बसलेले असतानाच झालेले आहे. ज्यांना असेच काम करायचे आहे त्यांनी हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावे. नळी, निपल (बार पेटवणारी बारीक टोपी ज्यावर बसते ते भोकाचे नळकांडे) किंवा चाप यांची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच द्यावी लागते. आपल्या वाट्याला येते ती फक्त सफाई.

सर्वांत आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घेतली. निपलवर टोपी नाही हे पाहिले, नळीचे तोंड माणसांपासून दूर धरले, गज नळीत बुडापर्यंत सोडला आणि नळीच्या तोंडाशी गजावर खडूने खूण केली. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला. गजाचे टोक निपलच्या रेषेपर्यंत पोचले तर नळी रिकामी आणि चार बोटे अलीकडे राहिले तर आत ठासलेला बार आहे, असे समजायचे. ठासणीच्या बंदुकीत आत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे मालकाने "रिकामी आहे" असे सांगितले तरी गज घालून पाहावाच.

नळी रिकामी होती, पण गजाला बांधलेली पांढरी चिंधी वर आली ती विटकरी रंगाची होऊन. बुडाजवळ गज खरखरत होता आणि निपलचे भोक पूर्ण बुजलेले होते. काकांनी शेवटचा बार फेब्रुवारीत उसाच्या फडात रानडुकरे शिरली तेव्हा काढला होता. त्यानंतर डिझेलची चिंधी फिरवून, वर खोबरेल तेल लावून बंदूक जमा केली होती. "तेल पाजलंय म्हणजे झालं की रे," असे काकांचे म्हणणे, आणि आमच्या गावात बहुतेकांचे तेच आहे.

१५ जून

दिवसभर पाऊस असल्याने इंटरनेटवर माहिती शोधली. ठासणीच्या बंदुकीची सफाई म्हणून जे सापडते ते जवळजवळ सगळे अमेरिकेतले, आणि तेही आधुनिक इन-लाइन रायफलींविषयीचे असते. १९८५ साली टोनी नाइट यांनी आणलेल्या एमके-८५ पासून या रायफली तिकडे रुळल्या. त्यांत पेटवण लागते ते नळीच्या मागून, सरळ रेषेत. बहुतेकींत टोपीऐवजी काडतुसात वापरतात तो २०९ नंबरचा प्रायमर (मार बसला की पेटणारी बारीक वाटी) असतो, आणि नळीचे बूड आटे फिरवून काढता येते, त्यामुळे नळी दोन्ही बाजूंनी मोकळी करून धुता येते. आमच्या बंदुकीचे बूड कायमचे बसवलेले आहे आणि पेटवण बाजूच्या निपलमधून लागते.

याहून मोठा फरक दारूचा आहे. तिकडे बहुतेक जण खरी काळी दारू न वापरता तिचे पर्याय वापरतात. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन आणि ब्लॅकहॉर्न २०९ ही त्यांतली माहितीची नावे. प्रत्येकाचे किटण, म्हणजे जळाल्यावर नळीत उरणारा मळ, वेगळे आणि म्हणून सफाईही वेगळी. पायरोडेक्समध्ये परक्लोरेट असते. ते जळाल्यावर मागे क्लोराइडचे क्षार राहतात आणि ते मिठासारखेच लोखंड खातात. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, त्याचे किटण साध्या पाण्याने निघते. मात्र गोळी बसते त्या जागी नळीत एक कडक कडे धरते आणि पुढची गोळी ठासताना गज तिथे अडतो. ब्लॅकहॉर्नला पाण्याने धुऊन भागत नाही, त्याला तेलजातीचा सॉल्व्हंट (मळ विरघळवणारा द्रव) लागतो.

माझा आतेभाऊ पेनसिल्व्हेनियात असतो आणि इन-लाइन रायफलीत ब्लॅकहॉर्न वापरतो. त्याने फोनवर ठासून सांगितले की नळीला पाणी लावू नकोस, सॉल्व्हंटच वापर. त्याच्या दारूपुरते ते बरोबर आहे. आमची दारू परवानाधारक दुकानातली साधी काळी दारू आहे. ती जळाली की वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपातच उरतो. थोडा धुराबरोबर उडतो आणि बाकीचा नळीला चिकटतो. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असतात. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात किंवा डिझेलमध्ये विरघळत नाहीत. डिझेलने वरची काजळी पुसली जाते आणि नळी स्वच्छ दिसते, क्षार मात्र जागच्या जागी राहतात. त्यांवर खोबरेल बसले की खाली ओल धरून गंज चालूच राहतो. हे कागदावर पटले तरी काकांना पटवायला डोळ्यांनी दाखवावे लागणार होते.

१७ जून

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमधून माइल्ड स्टीलच्या पट्ट्यांचे तुकडे आणले आणि सगळे एकाच पॉलिश पेपरने घासून सारखे केले. नळीतून निघालेल्या काळ्या चिंध्या थोड्या पाण्यात भिजवून तो काळा रेंदा पट्ट्यांवर फासला आणि वाळू दिला. मग एक पट्टी डिझेलने पुसली, एक डिझेलने पुसून वर खोबरेल लावले, एक कोमट साबणपाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावले. एका पट्टीवर रेंद्याऐवजी नुसते मिठाचे पाणी लावून वाळवले, म्हणजे क्लोराइडचा क्षार काय करतो त्याचा अंदाज येईल. एक पट्टी कोरी ठेवली. सगळ्या पट्ट्या पडवीत, पावसाचे थेंब लागणार नाहीत पण हवा लागेल अशा टांगल्या.

२० जून

मिठाची पट्टी दुसऱ्याच सकाळी केशरी झाली होती. डिझेलच्या पट्टीवर आज ठिपके आहेत. खोबरेलाची वरून चकचकीत दिसते, पण तेल पुसले की खाली तपकिरी डाग आहेत. हीच पट्टी काकांनी दोनदा हातात घेऊन उजेडात धरली. धुतलेली पट्टी स्वच्छ आहे.

एवढ्यावरून निकाल काढणे मात्र बरोबर नाही, कारण कोरी पट्टीही गंजली आहे. आमच्याकडच्या जूनच्या हवेत उघडे लोखंड आपोआपच तांबेरा धरते. तुलना खरी व्हायची असेल तर रेंदा न लावलेली पण तेल लावलेली पट्टीही हवी होती. शिवाय रेंदा चार महिन्यांचा शिळा आहे. ताज्या किटणावर हा प्रयोग पुन्हा करावा लागेल, पण नळीची तपासणी झाल्याशिवाय बार काढायचा नाही हे ठरलेले आहे.

२३ जून

नळी दस्त्यापासून वेगळी करण्यात अख्खा दिवस गेला. नळी धरून ठेवणाऱ्या दोन आडव्या खिळ्यांपैकी एक लगेच निघाला, दुसरा लाकूड फुगल्यामुळे हलेना. ठोकून काढला असता तर दस्ता चिरला असता. तो तसाच सोडला आणि दस्ता दोन दिवस माजघरात, चुलीपासून दूर, पंख्याखाली ठेवला. चुलीजवळ ठेवून लवकर वाळवण्याचा सल्ला शेजाऱ्यांनी दिला होता. जुने लाकूड एका बाजूने तापले की तडकते म्हणून तो ऐकला नाही.

२५ जून

खिळा पितळी दांडीने हलके टोचून निघाला. निपल मात्र जागेवर घट्ट गंजून बसले आहे. गंज सोडवणारे तेल टाकून ठेवले आहे. पाना लावून जोर केला तर निपलचे चौकोनी कान झिजतात आणि मग ते कोणालाच काढता येत नाही.

२७ जून

निपल तेलाला दाद देईना, म्हणून काका नळी घेऊन बेळगावला परवानाधारक कारागिराकडे गेले. त्याने निपल काढले, आटे तपासले आणि नवे निपल बसवून दिले. त्याचे मजुरीसह साडेसहाशे रुपये झाले. नळीचे बूड त्याने पाहिले आणि आधी नीट धुऊन आणा, मग खड्डे किती खोल आहेत ते सांगतो, म्हणाला. एवढ्यासाठी पुन्हा खेप पडणार. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी आधी नळी धुऊन मगच ती कारागिराकडे न्यावी.

३० जून

आज नळी धुतली. बंबातले पाणी काढले आणि त्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे थोडे थेंब टाकले. निपल काढून नळीचे बूड बादलीत बुडवले, गजाच्या टोकाला घट्ट बसेल अशी चिंधी गुंडाळली आणि पिचकारीसारखा गज वरखाली केला. गज वर ओढला की निपलच्या भोकातून पाणी आत येते आणि खाली दाबला की त्याच भोकातून बाहेर जाते. बुडाशी साठलेले किटण निघायला याहून सोपा मार्ग नाही. पहिल्या बादलीचे पाणी काळेकुट्ट झाले आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास सुटला. तो सल्फाइडचा वास. काकूंनी बादली तत्काळ परसात न्यायला लावली. पाणी स्वच्छ येईपर्यंत बादल्या बदलल्या.

शेवटची बादली उकळत्या पाण्याची घेतली, कारण नळी तापली की आपोआप वाळते असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आहे. नळी वाळली खरी, पण चिंधी फिरवली तर तिच्यावर फिकट केशरी भुकटी आली. गरम, ओल्या आणि तेल नसलेल्या लोखंडावर काही मिनिटांत असा पातळ गंज चढतो. तो लगेच तेलाच्या चिंधीने निघाला, तरी यापुढे उकळते पाणी वापरणार नाही. कोमट पाण्याने धुवायचे, कोरड्या चिंध्या फिरवायच्या, सायकलच्या पंपाने निपलच्या भोकातून हवा मारून बुडाशी अडकलेले पाणी बाहेर काढायचे आणि लगेच तेल लावायचे, अशी पद्धत ठरवली. निपलचे आटे आणि बुडाचा कोपरा या दोनच जागी पाणी लपून राहते, आणि नळी गंजायला सुरुवात होते तीही तिथूनच.

६ जुलै

उरलेला गंज काढण्यासाठी बारा बोअरचा ब्राँझचा ब्रश आणला, दोनशे ऐंशी रुपये. ब्रश आमच्या नळीला किंचित सैल पडतो, म्हणून त्यावर बारीक स्टीलवूल गुंडाळून तेलासह फिरवले. पॉलिश पेपर नळीच्या आत घालू नये. तो गंजाबरोबर धातूही खातो.

मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा नऊशे रुपयांना मागवला आणि या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी खर्च तोच ठरला. बूड बंद असल्याने नळीतून आरपार पाहता येत नाही आणि टॉर्चचा उजेड तोंडापाशीच संपतो. कॅमेऱ्यात बुडापासून वीतभर अंतरावर उथळ खड्डे दिसले, पण चीर दिसली नाही. चित्रफीत कारागिराला पाठवली. त्याने नळी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काही सांगणार नाही असे कळवले, आणि ते योग्यच आहे.

२८ जुलै

हा महिना पावसाने खाल्ला. कणकुंबीच्या बाजूला संततधार होती, मलप्रभा दुथडी भरून वाहत होती आणि बेळगावची खेप पुढे ढकलत गेलो. दर काही दिवसांनी चिंधी फिरवून पाहिली. खनिज तेल लावलेली नळी स्वच्छ राहिली.

बंदूक कुठे ठेवावी यावरही बराच ऊहापोह झाला. जुने लोक ती चुलीवरच्या माळ्याला टांगत, आणि चुलीच्या उबेमुळे तिथे हवा कोरडी राहते हे खरे. आता घरात गॅस आहे आणि तो जळताना वाफही सुटते, त्यामुळे ती जागा बाद झाली. कापडी खोळ सर्वांत वाईट; ती दमट होते आणि नळीला ओल धरून ठेवते. आम्ही बंदूक कुलूपबंद लाकडी कपाटात, तोंड खाली करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली आहे. तोंड खाली असले की जादा तेल निपलमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. टोप्या आणि दारू याच कपाटात ठेवलेल्या नाहीत.

१७ ऑगस्ट

काका नळी घेऊन कारागिराकडे जाऊन आले. खड्डे उथळ आहेत, काळ्या दारूच्या नेहमीच्या मापाला नळी चालेल, माप मात्र वाढवू नका, असे त्याने सांगितले. तपासणीचे तीनशे रुपये घेतले.

मापावरून इथे एक गोष्ट लिहिणे आवश्यक आहे. गावाकडे काही जण काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घालतात. ती धूर न करणारी दारू असते, तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट चढतो आणि ठासणीची नळी फाटते. ते कोणत्याही मापाने, कोणत्याही कारणाने करू नये. अमेरिकेतल्या पर्यायी दारूंचे माप काळ्या दारूच्या मापपात्रानेच, म्हणजे आकारमानाने घ्यायचे असते, वजनाने नाही. पायरोडेक्स हलके असल्याने काळ्या दारूच्या वजनाइतके भरले तर नळीत जास्त जाते. ट्रिपल सेव्हन तर त्याच मापाला अधिक जोर करते, म्हणून त्याचे माप सुमारे १५ टक्के कमी घ्यावे लागते. आतेभाऊ दिवाळीला येताना एक डबा आणू का म्हणून विचारत होता. स्फोटक पदार्थ विमानाच्या सामानात नेता येत नाहीत, आणि ते जमले असते तरी ब्लॅकहॉर्न आमच्या निपलवरच्या टोपीने नीट पेटले नसते. त्याला २०९ प्रायमरची ज्योत लागते.

१५ सप्टेंबर

गणपतीची धामधूम सरल्यावर काकांनी शेतातल्या माळ्यावरून आवाजाचे बार काढले. छर्रा घातला नाही. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते आणि परवानगीशिवाय ते मारता येत नाही. राखणीला आवाज पुरतो. नवे निपल नीट चालले, एकही टोपी वाया गेली नाही. बार काढण्यापूर्वी नळीतले तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसून घेतले होते. खनिज तेल राहिले तर ते काळ्या दारूच्या किटणाशी मिळून डांबरासारखा चिकट थर होतो आणि धुताना दुप्पट मेहनत पडते.

ताज्या किटणाच्या चिंध्या घेऊन पट्ट्यांचा प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी रेंदा न लावलेली, नुसते तेल लावलेली पट्टीही ठेवली. नळी मात्र त्याच संध्याकाळी, कंदील लागायच्या आत, धुऊन तेल लावून ठेवली.

१८ सप्टेंबर

नुसत्या तेलाची पट्टी स्वच्छ आहे आणि रेंदा लावून धुतलेलीही स्वच्छ आहे. डिझेलने पुसून खोबरेल लावलेल्या पट्टीवर तेलाखाली गंज आहे. म्हणजे तेल कमी पडले नव्हते. गंज धरला तो तेलाखाली राहिलेल्या क्षारांमुळे. काकांनी पट्ट्या पाहून शेजारच्या दोघांना बोलावून दाखवल्या.

खोबरेलाबद्दल आणखी एक निरीक्षण असे की ते वरून लावायलाही सोयीचे नाही. थंडीत ते गोठते, चापाच्या आत घट्ट होते आणि जुने झाले की चिकट आणि खवट होते. खनिज तेलाची सव्वादोनशे रुपयांची बाटली दोन पावसाळे तरी पुरेल.

टोप्यांबद्दल सावधगिरीची सूचना : जुन्या काळच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे आणि त्यांचे किटणही क्लोराइडचेच. दुकानातल्या टोप्या कोणत्या जातीच्या आहेत ते पाकिटावर लिहिलेले नाही, म्हणून आम्ही निपल दर वेळी काढून वेगळ्या वाटीत धुतो.

१३ ऑक्टोबर

भात पोटरीतून बाहेर पडले आहे आणि रताळ्यांच्या वाफ्यांत रात्री डुकरे येऊ लागली आहेत. काकांनी या आठवड्यात पुन्हा बार काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेल्या नळीत कोरडी चिंधी फिरवली, ती करड्या रंगाची निघाली, म्हणजे निपलच्या आसपास थोडे किटण राहिले होते. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा पंप, पुन्हा तेल. दुसऱ्या दिवसाची ही तपासणी वगळू नये. धुताना आटोपशीर वाटलेली नळी रात्रभरात उरलेले किटण वर काढते.

आतापर्यंत निपल आणि तपासणीचे साडेनऊशे, ब्रश, कॅमेरा, तेल आणि सिलिका जेल धरून सुमारे अडीच हजार रुपये गेले, बेळगावच्या खेपांचे भाडे वेगळे. यातले जवळजवळ सगळे पैसे फेब्रुवारीतच एक बादली कोमट पाण्याने वाचले असते.

घोड्याची (टोपीवर आपटणाऱ्या भागाची) कमान थोडी सैल वाटते. अर्ध्यावर चढवलेला घोडा ढकलल्यावर खाली येतो. ते काम घरी करण्याजोगे नाही. भाताची कापणी होईपर्यंत काका घोडा अर्ध्यावर ठेवून हिंडणार नाहीत, टोपी बार काढायच्या क्षणीच चढवतील, आणि नोव्हेंबरात बंदूक कारागिराकडे जाईल.